पोस्टकार्डावरचा महागाई भत्ता

मिरजगावच्या घरी माळ्यावर अब्बांची एक लोखंडी पेटी आहे. पेटीत दागिने नाहीत, जमिनीचे कागदही नाहीत. बदल्यांचे आदेश, निवडणूक ड्युटीचे आदेश, पगारपत्रकांच्या नकला आणि संघटनेकडून वेळोवेळी आलेली पोस्टकार्डं, सायक्लोस्टाइल पत्रकं एवढंच तिच्यात भरलेलं आहे. अब्बा १९७४ साली जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षक म्हणून लागले आणि ५८ पूर्ण झाल्यावर निवृत्त झाले. ते कधी पदाधिकारी नव्हते. तरी प्रत्येक पत्रकाच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलेलं सापडतं : "वाचले. कळवले." आणि त्याखाली ज्यांना कळवलं त्या गुरुजींची आडनावं. लहानपणी मला वाटायचं, हा अब्बांचा शिस्तीचा षोक असेल. त्या लाल शाईचा अर्थ मला फार उशिरा कळला.

कर्जत तालुका कुकडी कालव्याच्या शेपटाला आहे. आमच्याकडच्या शेतकऱ्याला "टेल" हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वर धरणातून किती सुटलं याला अर्थ नसतो, खाली किती पोचलं याला असतो. सरकारी बातमीचंही तसंच. मंत्रालयातून निर्णय निघतो, तो जिल्हा परिषदेत येतो, तिथून पंचायत समितीत, मग केंद्रशाळेत आणि सर्वात शेवटी दोन खोल्यांच्या वस्तीशाळेत. वाटेत तो कुणाच्या टेबलावर झोपतो, कुणाच्या कपाटात अडकतो. शिक्षकापर्यंत पोचेपर्यंत त्यातली मुदत संपलेली असते. शिक्षक संघटना म्हटलं की लोकांना मोर्चा, घोषणा आणि पुढाऱ्यांचे हार आठवतात. माझ्या मते तिचं सर्वात जुनं आणि सर्वात उपयोगी काम मोर्च्याचं नव्हतं. शेपटापर्यंत पाणी नेण्याचं होतं.

शिक्षकाच्या पगाराची चर्चा आपल्याकडे संघटनांच्याही आधीची आहे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनला निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, शेतकरी वर्गातला असावा आणि त्याला दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावांत १५ ते २० रुपये असावा, असं स्पष्ट मांडलं. त्याच्याही आधीची एक नोंद मला याहून जवळची वाटते. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिलं. त्या आजारी होत्या, माहेरी होत्या. शाळा सोडून आल्यामुळे मागे फातिमावर कामाचा भार पडत असेल, याची काळजी त्या पत्रात आहे. रजेवर गेलेल्या शिक्षिकेला मागे राहिलेल्या सहकारी शिक्षिकेची आठवण. सदस्य पावती नाही, अध्यक्ष नाही, ठराव नाही, पण संघटना नावाची गोष्ट सुरू होते ती अशाच काळजीतून. फातिमा शेख यांच्याविषयी आपल्या समाजात आता बरंच बोललं जातं. या छोट्याशा वाक्याकडे मात्र कमी लोक पाहतात.

पुढे मालक बदलत गेले. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा स्थानिक संस्थांच्या हाती गेल्या, १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डं आली आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा. प्रत्येक वेळी नियम नवे, कचेरी नवी, साहेब नवे. गावोगाव एकएकटा बसलेला गुरुजी मात्र तोच. गिरणी कामगार एका फाटकातून आत जातात, बाहेर येतात, त्यांना एकमेकांशी बोलायला फाटक पुरतं. शिक्षकाला फाटक नाही. महिन्यातून एकदा पगाराच्या दिवशी चार शाळांचे गुरुजी एकत्र यायचे, तीच त्यांची सभा. त्या दिवशी चहाच्या टपरीवर तालुक्याचा संघटनेचा माणूस हजर असायचा आणि खिशातून घडी घातलेला कागद काढायचा. कुणाची बदली, कुठला भत्ता, कुठला अर्ज, सगळं त्या टपरीवर. अब्बा म्हणायचे, पगार मोजायला पाच मिनिटं लागायची, कागद ऐकायला दोन तास.

या व्यवस्थेची खरी परीक्षा १९७७ च्या संपात झाली.

आणीबाणी त्याच वर्षी मार्चमध्ये संपली होती. १४ डिसेंबर १९७७ रोजी राज्य सरकारी कर्मचारी, जिल्हा परिषद कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले. नेते होते र. ग. कर्णिक. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील. मुख्य मागणी एका ओळीची : केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला जो महागाई भत्ता मिळतो तो राज्याच्या कर्मचाऱ्यालाही मिळावा. संप ५४ दिवस चालला, ५ फेब्रुवारी १९७८ पर्यंत.

अब्बा तेव्हा पंचवीस वर्षांचे, नुकतं लग्न झालेले, नोकरीला तीन वर्षं. बाहत्तरच्या दुष्काळाची आठवण घराघरात ताजी होती आणि त्या दुष्काळातून वर आलेल्या कुटुंबाला सरकारी नोकरी म्हणजे काय होती, हे आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. पगार बंद. दुकानदार उधार देत होता, पण दर आठवड्याला विचारायचा, "गुरुजी, किती दिवस चालणार?" याचं उत्तर गुरुजींकडेही नव्हतं. आकाशवाणीवर सरकारची बाजू यायची. वर्तमानपत्र एसटीने दुपारी यायचं, कधी यायचंच नाही. मधल्या वेळात अफवा. अमक्या तालुक्यातले शिक्षक कामावर गेले, तमक्यांना बडतर्फीच्या नोटिसा निघाल्या, सगळं मिटलंय आणि तुम्हालाच ठाऊक नाही. संप मोडायला पोलीस लागत नाहीत, अफवा पुरते, कारण एकएकट्या बसलेल्या माणसाला सर्वात मोठी भीती असते ती आपण एकटेच राहिलो असण्याची.

अब्बा सांगतात, नगरहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे एक पाकीट यायचं. त्यात दोन-तीन ओळी : आज बैठकीत काय झालं, पुढची बैठक कधी, कुणी फुटलेलं नाही. अब्बा आणि त्यांचे दोन सहकारी सायकलवर ते आजूबाजूच्या गावांत न्यायचे. त्यातला एक जण शाखेत जाणारा होता, दुसरा कट्टर काँग्रेसवाला आणि तिसरे अब्बा, जुम्मा न चुकवणारे. संपाआधी तिघांचं फारसं जमत नव्हतं, असं अम्मी हसून सांगते. थंडीच्या दिवसांत सायकलवर एकाच मफलरची वाटणी केली की जमू लागतं.

संपानंतर विधानसभा निवडणूक झाली, जुलै १९७८ मध्ये शरद पवारांचं पुलोद सरकार आलं आणि केंद्राप्रमाणे महागाई भत्त्याची मागणी मान्य झाली. आज कुठलाही शिक्षक जानेवारी-जुलैच्या महागाई भत्त्याची वाट पाहतो, ती सवय त्या ५४ दिवसांची आहे. तरुण शिक्षकांना हे सांगितलं की ते मोबाइलवर टक्केवारी बघत मान हलवतात.

संप हा प्रसंग झाला. रोजचं काम वेगळं होतं आणि त्यात नुकसानही गुपचूप व्हायचं. चौथ्या वेतन आयोगाच्या काळात, १ जानेवारी १९८६ पासून, शिक्षकांसाठी वरिष्ठ श्रेणी आणि निवड श्रेणी आली. प्रा. चट्टोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शिक्षक आयोगाची ती देणगी, म्हणून शिक्षकांच्या तोंडी तिचं नाव "चटोपाध्याय" असंच पडलं. बारा वर्षं झाली की वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षं झाली की ठरावीक प्रमाणात निवड श्रेणी. पण आपोआप नाही. प्रशिक्षण पूर्ण हवं, गोपनीय अहवाल हवेत, प्रस्ताव वेळेत जायला हवा. ज्याला कळलं त्याचा प्रस्ताव गेला. ज्याला कळलं नाही तो त्याच श्रेणीत राहिला, आणि पगारातला तो फरक पुढे पेन्शनपर्यंत त्याच्याबरोबर गेला.

इथे आपल्या समाजाचा एक वेगळा धागा येतो. आमच्या जिल्ह्यातली बहुतेक मुस्लिम मुलं मराठी शाळेतच शिकतात, अब्बाही मराठी शाळेत शिकले आणि मराठीच शिकवलं. पण उर्दू शाळांवर जे शिक्षक लागले, त्यातले बरेच जण बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले, शिक्षण उर्दूत, डी.एड. उर्दूत. बोलण्यापुरती मराठी यायची, परंतु "उपरोक्त संदर्भीय शासन निर्णयान्वये" ही मराठी नव्हे, ती कचेरीची भाषा. मराठी माणसालाही ती दोनदा वाचावी लागते. अब्बांचे एक उर्दू शाळेतले मित्र दर रविवारी कागदांची पिशवी घेऊन आमच्या ओट्यावर यायचे. अब्बा वाचून दखनीत सांगायचे : "मास्टर, ये कागज कू दस्तखत करके भेजो, नै तो बारा साल का फायदा जाता." मास्टर दस्तखत करायचे. एकदा मात्र ते लग्नकार्यासाठी गावी गेले होते, मुदत तेवढ्यात उलटली आणि पुढे किती वर्षं तो प्रस्ताव फिरत राहिला, ते मला आठवतं. मास्तरांनी कधी कुणाला दोष दिला नाही. रविवारी यायचं मात्र त्यांनी कधी चुकवलं नाही.

म्हणून उर्दू शिक्षकांनी पुढे स्वतःच्या संघटना काढल्या, याकडे मी वेगळेपणाचा हट्ट म्हणून पाहत नाही. मोठ्या संघटनेच्या यादीत त्यांचे प्रश्न शेवटी यायचे. बिंदुनामावलीचा प्रश्न घ्या. उर्दू माध्यमात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा निघतात, पण उर्दूतून शिकलेले त्या प्रवर्गातले उमेदवार जवळजवळ मिळत नाहीत, आणि जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात. आरक्षण चुकीचं नाही, मुलांचा वर्गही चुकीचा नाही, तरी शिक्षक येत नाही. उर्दू शिक्षक अतिरिक्त ठरला तर त्याला सामावून घ्यायला जवळ दुसरी उर्दू शाळा नसते. बदलीचा नकाशा मराठी शाळेच्या शिक्षकासाठी तालुकाभर असतो, त्याच्यासाठी जिल्हाभर. हे प्रश्न ज्याला भोगावे लागतात त्यानेच मांडायचे असतात.

आता "मान्यता" या शब्दाकडे येऊ. शिक्षकाच्या आयुष्यात हा शब्द सारखा येतो : शाळेची मान्यता, तुकडीची मान्यता, संचमान्यता, वैयक्तिक मान्यता. संघटनेची मान्यता मात्र विचित्र आहे. कारखान्यातल्या कामगारांना १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने हक्क दिला. ३० टक्के सभासद दाखवा, न्यायालयात अर्ज करा, मान्यताप्राप्त संघटना व्हा. शिक्षकांना हा रस्ता बंद आहे, कारण शिक्षक "कामगार" नाही. गोव्यातल्या एका शाळेने एका शिक्षिकेला कामावरून काढलं आणि तिने औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली. तो सुंदराम्बल खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की शिकवणं हे कायद्याच्या व्याख्येतलं कामगाराचं काम नव्हे. शिक्षकांच्या तक्रारींसाठी वेगळी यंत्रणा असावी, असंही न्यायालय म्हणालं. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांच्या शिक्षकांना १९७७ च्या सेवाशर्ती कायद्यामुळे शाळा न्यायाधिकरणाचं दार तरी मिळालं होतं, अल्पसंख्याक संस्थांतल्या शिक्षकांनाही. संघटनेची मान्यता मात्र सरकारच्या मर्जीवर राहिली. बैठकीला कुणाला बोलवायचं, निवेदन कुणाचं घ्यायचं, फोटो कुणाबरोबर काढायचा, हे समोरचा ठरवणार. सन्मान म्हणून "राष्ट्राचा शिल्पकार" म्हणायचं आणि हक्क म्हणून काहीच लिहून द्यायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत.

मर्जीवर मान्यता असली की संघटना फुटतात. एकाला बोलावणं येतं, दुसऱ्याला येत नाही, तिसरा नवं लेटरहेड छापतो. आज एखादा शासन निर्णय निघाला की तासाभरात मोबाइलवर दहा संदेश येतात, दहा फोटो, दहा नावं आणि मजकूर एकच : "आमच्या पाठपुराव्याला यश". निर्णयाची प्रत मात्र त्यातल्या एखाद्याच संदेशाला जोडलेली असते. अब्बांच्या पेटीतल्या पोस्टकार्डांवर कुणाचाही फोटो नाही. जागा नव्हती म्हणा, किंवा काळ वेगळा होता म्हणा.

निवडणुकांचंही सांगायला हवं, कारण नगर जिल्ह्यात शिक्षक आणि निवडणूक हे शब्द एकत्र आले की माणसं खुर्ची पुढे ओढतात. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांच्या, आमचा मतदारसंघ नाशिक विभागाचा. पण घटनेच्या १७१ व्या कलमाप्रमाणे मतदार होतो तो माध्यमिक आणि त्यावरच्या शाळा-महाविद्यालयांचा शिक्षक. प्राथमिक शिक्षक, ज्यांची संख्या सर्वात मोठी, ते शिक्षक मतदारसंघात मतदारच नाहीत. ते पदवीधर असतील तर पदवीधर मतदारसंघात जातात. अब्बांना हे कधीच पटलं नाही. "पहिलीच्या पोराला अक्षर शिकवणारा शिक्षक नाही का?" असं ते प्रत्येक निवडणुकीला विचारतात.

ज्यांना हक्क आहे त्यांनाही तो सहज मिळत नाही. विधानसभेची यादी कायम असते, ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते. मागच्या वेळी मत दिलं होतं म्हणून या वेळी नाव असेल असं नाही. पुन्हा १९ क्रमांकाचा अर्ज, मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवल्याचा मुख्याध्यापकांचा दाखला. पदवीधरांना १८ क्रमांकाचा अर्ज. मग मतदानाच्या दिवशी फुली किंवा टिक न करता, दिलेल्या जांभळ्या पेननेच १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे. पदवीधर माणसांची मतं इथे बाद होतात, हे ऐकून बाहेरचे हसतात. मला हसू येत नाही. सांगणारं कुणी नसलं की शिकलेलाही अडाणी ठरतो. आपल्या मोहल्ल्यातल्या पदवीधर मुलामुलींपैकी किती जणांनी १८ क्रमांकाचा अर्ज पाहिला आहे, हा प्रश्न विचारून पाहा.

जिल्ह्यातली खरी धामधूम प्राथमिक शिक्षक बँकेच्या निवडणुकीची. गुरुमाऊली, गुरुकुल, सदिच्छा अशी मंडळांची नावं, ऐकून वाटावं की कीर्तनाचे फड आहेत. पॅनेल लावताना तालुका, नातंगोतं, जात सगळं मोजलं जातं आणि उर्दू शिक्षक हा त्या हिशेबातला लहान आकडा असतो. यावर नाकं मुरडणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की या निवडणुकीच्या काळात शिक्षकाला जेवढी माहिती मिळते तेवढी एरवी मिळत नाही. व्याजदर किती, लाभांश किती, ठेवींवर काय, नोकरभरतीत काय झालं, सगळं एकमेकांविरुद्धच्या पत्रकांतून बाहेर येतं. दोन्ही पत्रकं शेजारी ठेवून वाचली की हिशेब समजतो. अब्बा तसंच करायचे. भांडणातून का होईना, कागद शेपटापर्यंत पोचायचा.

पण ज्या गोष्टीवर पुढच्या पिढीचं भांडण लागलं, ती येत असताना टपरीवर पुरेशी चर्चाच झाली नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागणाऱ्यांसाठी जुनी पेन्शन बंद झाली आणि अंशदायी योजना आली. तेव्हा संघटनांत बसलेले बहुतेक सगळे जुन्या पेन्शनवाले होते. जे येणार होते ते अजून डी.एड.च्या वर्गात होते, सभासद नव्हते. मला वाटतं इथे संघटना चुकल्या. आपल्या सभासदांना कळवलं, उद्याच्या सभासदांसाठी कुणी सायकल काढली नाही. त्याची किंमत काय, ते तरुण शिक्षक वारले तेव्हा कळलं. घरात लहान मुलं, आणि कुटुंब निवृत्तिवेतन नाही. २९ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने दहा वर्षं पूर्ण होण्याआधी वारलेल्यांच्या कुटुंबाला १० लाखांचं सानुग्रह अनुदान आलं, पेन्शन नव्हे. मार्च २०२३ मध्ये शिक्षक-कर्मचारी पुन्हा बेमुदत संपावर गेले, १४ ते २० तारखेपर्यंत. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला कुटुंब निवृत्तिवेतनाचा निर्णय निघाला. या वेळी कंडक्टरकडच्या पाकिटाची गरज नव्हती. अफवा मात्र १९७७ पेक्षा वेगाने धावल्या.

२ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने आणखी एक खिडकी उघडली. ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची पण नेमणूक नंतरची, त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय. तोही एकदाच, सहा महिन्यांत लेखी द्यायचा. वीस वर्षांपूर्वीच्या जाहिरातीचं कात्रण कोण जपून ठेवतं? अब्बांनी ठेवलं होतं. आमच्या ओळखीच्या एकाने ते पेटीतून नेलं आणि झेरॉक्स करून परत आणून दिलं. अब्बांनी कोपऱ्यात लिहिलं, "दिले."

माझी चुलत बहीण उर्दू शाळेत शिक्षिका आहे, २००९ पासून. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या प्रकरणात निकाल दिला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. पाचपेक्षा कमी उरली असतील तर नोकरी राहील, पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांना शिक्षण हक्क कायदा लागू व्हावा का, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. प्रकरणाच्या नावात "अंजुमन" असल्यामुळे आमच्या मोहल्ल्यात दोन दिवस चाललं की ही सक्ती फक्त उर्दू शाळांना आहे. दुसरीकडे काही जण सांगत होते की अल्पसंख्याकांना सूट मिळाली, निवांत राहा. बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. शाळा उर्दू असली तरी ती अल्पसंख्याक संस्था नव्हे, सरकारी शाळा आहे, हा फरक तिला कुणीही नीट सांगितला नव्हता.

ती रविवारी मुलाला घेऊन आली. अब्बा त्र्याहत्तर वर्षांचे, चष्मा लावून तिच्या मोबाइलवरचा मराठी सारांश अक्षर मोठं करत वाचत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "बेटी, दो साल. एक सप्टेंबर सत्तावीस के पहले." मग विचारलं, तुझ्या केंद्रात अशा किती जणी आहेत. तिने बोटांवर मोजलं, सहा. अब्बांनी कॅलेंडरचं मागचं पान उलटं करून लाल पेन मागितलं आणि म्हणाले, नावं सांग.